जादा प्रोटीन

रंभा पगारे मुरबाड रोडला, गोवेलीच्या पुढे, देवरामच्या पोल्ट्रीवर कामाला आली तेव्हा कोंबडी तिने फक्त कालवणात पाहिलेली. जन्म कल्याण पूर्वेतल्या कोळसेवाडीचा, लग्नही दोन गल्ल्या सोडून. नवरा जगन डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात होता, आणि ती घरी बसून खोट्या दागिन्यांच्या माळा ओवायची. कारखान्याला टाळं लागलं. जगनने सोसायटीची वॉचमनकी केली, भिवंडीत गोडाऊनवर माल उतरवला, पण कुठेच टिकला नाही. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की पोल्ट्रीवर जोडपं पाहिजे, राहायला खोली मिळते. मुलगी प्रीती तेव्हा कॉलेजात होती. तिला आजीकडे कोळसेवाडीत ठेवलं आणि दोघं बोचकी घेऊन निघाले.

देवरामच्या दोन शेड होत्या. शेड, पाणी, वीज आणि खाली अंथरायचं भाताचं तूस ही त्याची बाजू. पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं. एका दिवसाचं पिल्लू यायचं, दीड महिन्यात चांगलं दोन किलोवर जायचं, मग गाडी येऊन पिंजरे भरायची आणि शेड रिकामी व्हायची. तूस उपसायचं, चुना मारायचा, नवं तूस टाकायचं, की पुढचा लॉट. पक्षी आत असताना दोघांपैकी एकाला तरी तिथंच राहावं लागे. खोली शेडला चिकटूनच होती, मधली भिंत एकच.

रंभाचा हात चांगला होता. आल्या पिल्लांना ती एकेकाची चोच पाण्यात बुडवून पाणी दाखवायची. लंगडं, सुस्त पिल्लू तिला हजारोंत दिसायचं. देवराम आगरी माणूस, तोंडाने फटकळ, पण दुसऱ्या शेतकऱ्यांना अभिमानाने सांगायचा, "माज्या वयनीच्या हातान् पिल्लांची मर कमी हाय."

त्रास होता तो ग्यासचा. पोल्ट्रीवाले अमोनियाला ग्यास म्हणतात. पक्ष्यांची विष्ठा तुसात मिसळते, तूस ओलं झालं की त्यातून तो सुटतो. पहिले दोन आठवडे काही कळत नाही. मग एका सकाळी दार उघडलं की डोळ्यांत कुणीतरी मिरची घासावी तसं होतं. उन्हाळ्यात पडदे वर असतात, वारा असतो, निभतं. थंडीत पिल्लांना ऊब लागते म्हणून प्लास्टिकचे पडदे चारी बाजूंनी खाली सोडतात, आणि मग सगळा ग्यास आतच.

रंभाचे डोळे कायम लाल असायचे. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, ती कोमट पाण्याने त्या सोडवून घ्यायची. नंतर खोकला लागला. कल्याणच्या डॉक्टरने थेंब दिले, सिरप दिलं, "धुळीत काम करू नका" म्हणाला. एप्रिलात जयंतीला ती कोळसेवाडीत गेली तेव्हा विहारात शेजारी बसलेल्या बाईने पदर नाकाला लावला आणि हळूच सरकून बसली. रंभाने घरून निघताना दोनदा अंघोळ केलेली. त्या दिवसानंतर ती कार्यक्रमांना जायची ती पार मागे, दाराजवळ उभी राहायची. प्रीतीने विचारलं तर म्हणायची, "मला वाऱ्याला बरं वाटतं गं."

तिसऱ्या की चौथ्या थंडीत कंपनीची नवी डॉक्टर आली. ऐश्वर्या तिचं नाव, जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेली, ठाण्यात बाळकुमला राहणारी. पक्ष्यांचं खाद्य ठरवायचं काम तिच्याकडे होतं. तिच्या आधीचे साहेब ऑफिसातूनच खाद्य ठरवायचे, ही शेडमध्ये यायची. जानेवारीचे दिवस होते, पडदे खाली. ती आत शिरली, चार पावलं चालली आणि तिने ओढणी तोंडावर धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तरी बाहेर गेली नाही. खिशातून कागदाची एक पट्टी काढली, ओली करून हवेत धरली. पट्टीचा रंग बघता बघता गडद झाला.

"रंभाताई, तुम्ही यात किती वेळ असता?"

"असते म्हंजे? मी इथंच असते ना मॅडम."

बाहेर पाण्याच्या टाकीजवळ दोघी बसल्या. ऐश्वर्याने डोळे धुतले. मग तिने सांगितलं की हा ग्यास तुसातून येत असला तरी त्याचं मूळ खाद्यात आहे. खाद्यात सोयाबीनची पेंड असते, पक्ष्याला प्रोटीन मिळतं ते तिथून. पण प्रोटीन म्हणजे एकच एक वस्तू नसते. ते लहान लहान तुकड्यांचं बनलेलं असतं, त्यांना अमिनो आम्ल म्हणतात. पक्ष्याचं शरीर ते तुकडे सुटे करतं आणि त्यातून स्वतःचं मांस, स्वतःची पिसं जुळवतं. त्याला प्रत्येक तुकडा ठरलेल्या मापात लागतो. सोयाबीनमध्ये काही तुकडे भरपूर असतात, एक-दोन कमी. कमी असलेला संपला की जुळवणी थांबते.

"आणि बाकीचे?" रंभाने विचारलं.

"बाकीचे पक्षी साठवून ठेवू शकत नाही. विष्ठेतून बाहेर टाकतो. त्याचाच ग्यास होतो."

रंभाने बोटांनी हवेत माळ ओवल्यासारखं केलं. "मी माळा ओवायचे ना, तेव्हा असंच व्हायचं. एका माळेला सोनेरी मणी ढीगभर आणि लाल मणी चार. शेठ लाल मणी कमी पाठवायचा. लाल संपले की सोनेरी किलोभर पडलेले असले तरी उपयोग नाय. अजून लाल पाहिजेत म्हणून तुम्ही अख्ख्या पिशव्याच मागवता काय मग? त्यात सोनेरी पण येणार ना अजून."

"आजवर तेच करत आलेत," ऐश्वर्या म्हणाली. "मिथिओनीन नावाचा एक तुकडा आहे, लायसीन आहे, थ्रिओनीन आहे. त्यांची पावडर वेगळी मिळते. तेवढीच नेमकी घातली, तर पेंड कमी करता येते. पक्ष्याला मिळायचं ते सगळं मिळतं, फेकून द्यायला कमी उरतं."

देवरामला हे पटवणं सोपं नव्हतं. बॅगेच्या लेबलवर प्रोटीनचा आकडा जितका मोठा तितकं खाद्य भारी, हे त्याच्या आणि त्या पट्ट्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"म्हंजे खुराक कमी करायचा आन् वजन तेवढाच येल? मॅडम, मना काय येडा समजता?"

"खुराक तेवढाच, दादा. वाया जाणारं कमी."

देवराम टाकीवर हात ठेवून रंभाकडे बघत राहिला. तिचे डोळे त्याला रोजच दिसत होते. "एक लॉट," तो शेवटी म्हणाला. "वजन कमी आला तर तुमच्या माजिवड्याच्या हापिसात येऊन बसन मी, सांगून ठेवतंय."

तो लॉट फेब्रुवारीत आला. पहिला फरक जगनला दिसला, तो पाण्यात. जादाचं प्रोटीन बाहेर टाकायला पक्ष्याला पाणी जास्त प्यावं लागतं. एरवी टाकी दुपारीच रिकामी व्हायची, ती आता संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. पाणी कमी, म्हणून विष्ठा घट्ट, म्हणून तूस कोरडं. चौथ्या आठवड्यात रंभा सकाळी शेडचं दार उघडून आत गेली, खाद्याची भांडी हलवली, मेलेलं एक पिल्लू उचललं आणि तशीच मधोमध उभी राहिली. जगनला वाटलं काही झालं. तो धावत आला.

"काय गं?"

"काय नाय. श्वास घेतेय."

वजन नेहमीएवढंच आलं. देवरामने काट्यावर पुन्हा पुन्हा बघितलं, मग ऐश्वर्याला फोन लावून, माफी मागावी तशा आवाजात, पुढचे लॉटही हेच खाद्य पाठवा म्हणाला. कंपनीनेही त्या वर्षी ते सगळ्या शेडना दिलं.

ते वर्ष रंभाचं चांगलं गेलं. खोकला पूर्ण गेला नाही, पण डोळे निवळले. प्रीती डोंबिवलीत दाताच्या डॉक्टरकडे कामाला लागलेली. सुट्टीच्या दिवशी ती पोल्ट्रीवर यायची आणि पहिल्यांदाच खोलीत बसून जेवायची. आधी ती ताट घेऊन बाहेर आंब्याखाली जायची. रंभाने तिला कधी त्यावरून बोलून दाखवलं नव्हतं. आता मुलगी भिंतीला टेकून भाकरी मोडताना बघून ती सारखं काहीतरी वाढत राहायची.

त्याच्या पुढच्या वर्षी ऑक्टोबरात लॉट आला. बॅगा त्याच, शिलाई तीच. दोन आठवड्यांत टाकी पुन्हा दुपारी रिकामी व्हायला लागली. रंभाने पाण्याच्या भांड्यांखालचं तूस मुठीत दाबून बघितलं. त्याचा गोळा झाला. तिने ऐश्वर्याला फोन केला.

"मॅडम, खाद्य बदललं का?"

"हो," ऐश्वर्या म्हणाली. "पावडरी बाहेरून येतात, त्या महागल्या. सोयाबीनचा भाव पडलाय. कंपनीने जुनं मिश्रण परत घेतलं. मी खूप सांगून बघितलं, रंभाताई."

रंभाने ते ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी साडी बदलून निघाली. जगन म्हणाला, "अगं, तुझं कोण ऐकणार तिथं?" ती म्हणाली, "विचारायला काय जातंय?" एस.टी.ने ठाण्यात खोपटच्या स्टँडवर उतरली, तिथून शेअर रिक्षाने माजिवड्याला. ऑफिस काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. ऐश्वर्या लिफ्टपाशी घ्यायला आली आणि तिला खरेदी बघणाऱ्या ऋतुराजच्या केबिनमध्ये घेऊन गेली.

ऋतुराज तिशीतला, सभ्य मुलगा. त्याने उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं, एसी बारीक केला. रंभाने जे सांगायचं ते सांगितलं. टाकीचं, तुसाचं, डोळ्यांचं. तो मध्ये बोलला नाही.

"मावशी, तुमचं खरं आहे," तो म्हणाला. "पण बघा, आमच्याकडे कम्प्युटर असतो. त्याला आम्ही सांगतो, पक्ष्याला हे हे एवढं मिळालं पाहिजे. तो सगळ्यात स्वस्त मिश्रण काढून देतो. मागच्या वर्षी ऐश्वर्या मॅडमचं मिश्रण स्वस्त पडत होतं. यंदा जुनं पडतंय. पक्ष्याचं वजन दोन्हीत सारखंच येतं."

"वजन सारखं येतं, मग आम्हाला बरं पडतंय ते द्या ना."

"सारखं येतं म्हणूनच स्वस्त ते घेतात, मावशी."

रंभाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मग त्या कम्प्युटरला सांगा ना, आत माणसं पण असतात म्हणून."

ऋतुराजने ऐश्वर्याकडे पाहिलं. ऐश्वर्या टेबलाकडे बघत होती. "सांगता येतं," तो म्हणाला. "पण मग आमची कोंबडी महाग होते आणि बाजारात दुसऱ्यांची खपते. शेडमधली हवा ही शेतकऱ्याची जबाबदारी, तसं करारातच आहे. देवराम दादांना एक्झॉस्ट पंखे लावायला सांगा."

खाली रस्त्यावर आल्यावर ऐश्वर्याने तिच्या हातात एक पिशवी दिली. आत रबराचा मास्क होता, दोन्ही गालांना ग्यास गाळायच्या डब्या लावलेला. "हा घालूनच आत जायचं," ती म्हणाली. उड्डाणपुलाखाली गाड्यांच्या आवाजात तिला ते दोनदा ओरडून सांगावं लागलं.

देवरामने पंख्यांची चौकशी केली आणि सोडून दिलं. शेडवर वीज दिवसातून कितीदा जायची याचा नेम नव्हता. "खाद्य कंपनीचा, ग्यास कंपनीचा, आन् पंखा माजा?" तो म्हणाला. त्याचंही अगदीच चुकीचं नव्हतं. रंभा मास्क लावायची. पण मास्कमधून श्वास ओढायला छातीत जोर लागतो, आणि तिच्या छातीत तो उरला नव्हता. तूस खालीवर करताना खोकल्याची उबळ आली की ती मास्क वर सरकवायची, आणि नेमकी तेव्हाच खालचा थर उकललेला असायचा. डब्या संपल्या. ऐश्वर्याने नव्या पाठवल्या, त्याही संपल्या.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. पिल्लं आठवड्याभराची. जुन्या तुसावरच नवं पसरलेलं, कारण दोन लॉटमध्ये कंपनीने सवडच दिली नव्हती, म्हणून ग्यास पहिल्या दिवसापासून होता. रंभा दुपारी एका बाजूचा पडदा हातभर वर करून ठेवायची. एका दुपारी वारा फिरला. गार झोत सरळ आत आला आणि पिल्लं ऊब शोधत कोपऱ्यात एकमेकांवर चढली. जगन पोचेपर्यंत खालची चेंगरून मेलेली. रंभा गुडघ्यावर बसून वरची पिल्लं दोन्ही हातांनी बाजूला करत होती, आणि खालून निघतील ती चपटी, गरम.

देवराम आला आणि ढीग बघून उसळला. "पडदा कोनी उघडला? वयनी, तू? तुला समजत नाय?"

"जीव घुसमटत होता वो."

"आन् त्यांचा गेला तो?"

रंभा मेलेली पिल्लं पाटीत गोळा करू लागली. गेलेल्या पिल्लांचं वाईट तिलाही वाटत होतं, त्याच्यापेक्षा जास्तच. तिने स्वतः त्यांना पाणी दाखवलेलं. त्यानंतर तिने पडदा वर केला नाही.

आठवड्याच्या आत एका सकाळी ती खाद्य टाकायला गेली आणि परत आली नाही. जगन दुसऱ्या शेडमध्ये होता. त्याला ती पाण्याच्या भांड्याजवळ कुशीवर पडलेली सापडली. ओठ निळे, बोटं तुसात रुतलेली. भोवती पिल्लं गोळा झाली होती, काही तिच्या अंगाच्या उबेला चिकटून बसली होती. देवरामनेच आपल्या टेम्पोतून तिला कल्याणला नेलं. तिथून ठाण्याला पाठवलं.

ठाण्याच्या डॉक्टरने फोटो उजेडावर धरून जगनला दाखवला. फुप्फुसं खालून आवळत गेलेली. "धूळ आहे, अमोनिया आहे, वर्षानुवर्षांचं आहे. हे परत उलटत नाही. त्या शेडमध्ये आता एक दिवसही जायचं नाही."

ती कोळसेवाडीत आईच्या खोलीत आली. प्रीतीने ऑक्सिजनचं यंत्र भाड्याने आणलं, ते उशाशी घरघरत असायचं. जगन लॉट सोडून येऊ शकत नव्हता, पक्षी भुकेने मेले असते. तो आठवड्यातून एकदा यायचा. येताना टाकीवर अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायचा, तरी रंभा त्याला दारातच सांगायची, "ग्यास वाढलाय. तूस खालीवर केलं नाय तुम्ही."

ऐश्वर्या भेटायला आली ती मोसंबी आणि अंडी घेऊन. कॉटच्या कडेला बसली.

"मी नोकरी सोडावी असं वाटतंय," ऐश्वर्या म्हणाली.

रंभाने मान हलवली. एकेक शब्द तोडत बोलली, "सोडून काय होणार? तुमच्या जागी येईल तो शेडमध्ये पण येणार नाय." मग दम घेऊन, "पावडर परत स्वस्त झाली का?"

"अजून नाही."

"झाली की सांगा," रंभा म्हणाली.

मार्च संपता संपता, प्रीती कामावर जायला निघालेली असताना, ती गेली. प्रीतीने फोन केला तेव्हा जगन तूस उपसत होता. देवरामने त्याला स्कूटरवर आणून सोडलं. भन्तेजींनी वंदना म्हटली, गल्लीतले सगळे आले, विहारातल्या बायकाही आल्या आणि अगदी जवळ बसल्या. ऐश्वर्या दूर भिंतीशी उभी होती. ऋतुराजचा प्रीतीच्या फोनवर मेसेज आला, दोन ओळींचा, नीट लिहिलेला.

जगनला वाटलं होतं की त्या दिवसानंतर तो शेडवर जाणार नाही. पण एका शेडमध्ये पक्षी भरलेले होते, देवराम एकटा, आणि दुसरं कुणी मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो परत गेला. लॉट संपेपर्यंत राहिला. भिंतीपलीकडून पक्ष्यांचा आवाज यायचा आणि खोलीत तो एकटा. शेवटच्या आठवड्यात त्याचेही डोळे इतके सुजले की भात चुलीवरून उतरवताना हात भाजला.

गाडी पक्षी घेऊन गेली त्या दिवशी प्रीती स्वतः त्याला न्यायला आली. देवराम टाकीपाशी उभा होता. "वयनीसाठी पंखा लावाया पायजे होता," तो म्हणाला. जगनने खोलीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

नवं जोडपं त्याच सकाळी येऊन बसलं होतं. जव्हारकडचं, दोघं जेमतेम विशीतले. बाई काखेत तान्ही मुलगी घेऊन शेडमध्ये डोकावत होती. जगनने नवऱ्याला पाण्याचा कॉक दाखवला, चुन्याच्या गोणी दाखवल्या, पिल्लांना पहिलं पाणी कसं द्यायचं ते सांगितलं. बाईने नाक मुरडून हसत विचारलं, "वासाची सवय होते ना काका?"

प्रीती पिशवी उचलून रस्त्याकडे निघालीच होती, ती थांबली.

"सवय होते," जगन म्हणाला. "तेच तर वाईट. पोरीला भिंतीपासून लांब निजवत जा."

मग दोघं बापलेक डांबरी रस्त्यावर कल्याणच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. मुरबाडकडून खाद्याचा ट्रक आला, ब्लिंकर लावून देवरामच्या वाटेला वळला. जगनने तोंड फिरवून खोकला दाबला.